वाली आणि वस्ती

झोप उडालेला, बाटली न सुटणारा, मागच्या आयुष्यात हातून काहीतरी भयंकर घडलेला एक माणूस कुठल्याशा साध्या वस्तीत येऊन राहतो. कोपऱ्यावरच्या दुकानदाराशी चार शब्द बोलतो, शेजारच्या पोराची सायकल दुरुस्त करून देतो. मग हप्ता मागणारी टोळी येते, दुकानदाराचा हात मोडते, आणि पुढच्या तासाभरात त्या टोळीतला एकही माणूस धड चालता उरत नाही. असा एखादा सिनेमा किंवा मालिका चालली की ठरलेलं भांडण जुंपतं. एक बाजू म्हणते, हे लोकांना कायदा हातात घ्यायला शिकवतं. दुसरी म्हणते, करमणूक आहे, प्रेक्षक काही कुक्कुलं बाळ नाही. तिसऱ्या फेरीत कुणीतरी विचारतं, ‘पोलीस येतच नसतील तर माणसानं करायचं काय?’ तिथून पुढे सिनेमा राहतो बाजूला आणि ज्याचा त्याचा साठलेला राग तेवढा बाहेर पडतो.

या भांडणात दोन्ही बाजूंचे डोळे नायकाच्या मुठीवर खिळलेले असतात. किती माणसं मेली, रक्त किती सांडलं, शेवटी बेड्या पडल्या की नाही, याचीच मोजदाद. माझं म्हणणं असं, की ही गोष्ट मुळात वस्तीची असते आणि एकटा नायक हे त्या गोष्टीतलं अवजार. वस्तीला गुन्हेगार कोण हे कसं कळलं, संरक्षणाची किंमत तिच्यातल्या कुणी चुकती केली आणि वाली निघून गेल्यावर ती कोणत्या अवस्थेत उरली, यावर त्या कथेची नीती ठरते. हे हिशेब चुकवणारी कथा दोन थपडांतही घातक असते. ते चोख ठेवणारी कथा चाळीस मुडदे पाडूनही प्रेक्षकाला कायद्याबद्दल गंभीर करून सोडते.

हा साचा किती जुना आहे हे आपल्याला तरी कुणी सांगायला नको. आदिपर्वातली एकचक्रा नगरी घ्या. लाक्षागृहातून निसटलेले पांडव तिथे वेष पालटून, भिक्षा मागून राहत आहेत. बकासुराची खंडणी ठरलेली: गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा माणूस. घराघराला पाळी. राजा नालायक, म्हणून कुणी वाली नाही. आता या कथेत जागा कशाला किती दिली आहे ते बघा. भीम आणि बक यांची मारामारी झटक्यात आटोपते. त्याआधी ज्या घराची पाळी आली आहे त्या घरातला कलह मात्र अध्यायच्या अध्याय चालतो. बाप म्हणतो मी जातो, आई म्हणते मी, मुलगी म्हणते मला पाठवा. बाप बायकोला आठवण करून देतो, की हे गाव सोडून जाऊ असं मी कधीच म्हणत होतो, तुझाच पाय माहेरच्या मातीतून निघाला नाही. आणि एक बोबडं पोर हातात गवताची काडी घेऊन सांगतं, मी हिनं राक्षसाला मारतो. कुंतीनं भीमाला पाठवायचं ठरवल्यावर युधिष्ठिर तिच्यावर रागावतो, तोही प्रसंग गाळलेला नाही. वाली पाठवणाऱ्या घरातसुद्धा वाद आहे. दोष म्हणाल तर भीमाची भूक: राक्षसासाठी नेलेला भात तो राक्षसासमोर बसून स्वतःच खातो. हा दोष वरून चिकटवलेला वाटत नाही, कारण तो गोष्टीत काम करतो. बकाला चिडवून पुढे आणतो तो हाच.

आता आजची पटकथा कशी रचतात ते पाहू. ढोबळ हिशेब एका पानाला एक मिनिट. म्हणजे अशा थरारपटाची पटकथा शंभर-एकशेदहा पानांची. पहिली दहा-बारा पानं वस्तीची ओळख. पंचविसाव्या पानाच्या आसपास गुन्हा. मध्यावर नायकाचा छोटा विजय, त्याचा सूड म्हणून टोळीचा मोठा घाव. पंचाहत्तरीच्या सुमाराला वस्तीतलं एखादं लाडकं माणूस मरतं. शेवटची वीस-पंचवीस पानं वेढा आणि निकाल. बिघाड होतो तो बहुधा संकलनाच्या टेबलावर. सिनेमा लांबला, वेग हवा, म्हणून कात्री पहिल्यांदा वस्तीच्या दृश्यांवर चालते, कारण त्यांत काही ‘घडत’ नसतं. दुकानदार आणि त्याची बहीण हप्ता द्यायचा की नाही यावर भांडतात ते दृश्य जातं. शेजारी टोळीला आतून मिळालेला असतो ते उपकथानक जातं. उरतात चार चेहरे: म्हातारा, विधवा, लहान मूल आणि तापट तरुण. पहिल्या गुन्ह्यानंतर त्यांना दोनच कामं, ओलीस राहणं आणि शेवटी डोळ्यांत पाणी आणून नायकाकडे बघणं. लिहिणाऱ्यांसाठी एक साधी कसोटी आहे. नायकाला न आवडणारा एखादा निर्णय वस्तीतला माणूस स्वतःच्या डोक्यानं घेतो का, आणि त्या निर्णयानं कथा वळते का? उत्तर ‘नाही’ आलं तर ती वस्ती म्हणजे रंगवलेला पडदा.

विरोधकांचे मुद्दे मात्र हलके नाहीत. सगळ्यात वजनदार असा: हा साचा चालायचा तर व्यवस्था नापास व्हावीच लागते. पोलीस वेळेवर आले, फिर्याद नोंदली गेली, खटला उभा राहिला तर गोष्टच संपली. म्हणून प्रत्येक कथेत पोलीस विकले गेलेले, वकील कावेबाज, न्यायाधीश पुस्तकी. हेच शंभर वेळा पाहिलं की कायद्याची प्रक्रिया म्हणजे चोरांच्या सोयीसाठी केलेली पळवाट, असं वाटू लागतं. १९७१च्या ‘डर्टी हॅरी’ या अमेरिकी पोलीसपटात हे स्वच्छ दिसतं. नायक पोलिसानं वॉरंटशिवाय घेतलेली झडती आणि छळ करून काढलेली कबुली, यामुळे पुरावा बाद ठरतो आणि खुनी सुटतो. प्रेक्षक दात-ओठ खातो. त्या काळात अमेरिकेत खुनांचं प्रमाण दहा-पंधरा वर्षांत जवळपास दुप्पट झालं होतं, तेव्हा त्या रागाला जमीन तयार होती.

दुसरा मुद्दा तर एका लेखकानंच पुरवला. ब्रायन गारफील्डची ‘डेथ विश’ ही कादंबरी १९७२ची. त्याला दाखवायचा होता सूडाच्या नादात आतून कुजत जाणारा माणूस. १९७४च्या सिनेमात तोच माणूस उत्सवमूर्ती होऊन बसला. गारफील्डला ते इतकं खटकलं की उत्तर म्हणून त्यानं १९७५ साली दुसरी कादंबरी लिहिली. पुढे डिसेंबर १९८४मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत एका प्रवाशानं चार तरुणांवर गोळ्या झाडल्या, तेव्हा वृत्तपत्रांनी त्याला याच सिनेमाचं नाव चिकटवलं आणि बऱ्याच लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. १९८७मध्ये ज्यूरीनं त्याला खुनाच्या प्रयत्नातून सोडलं, बेकायदा पिस्तुलापुरतं दोषी धरलं. सिनेमातली भाषा रस्त्यावर येते, हे नाकारण्यात अर्थ नाही. ‘नुसती करमणूक’ म्हणणाऱ्यांनी या घटनेला आजवर नीट उत्तर दिलेलं नाही.

तरीही ‘सिनेमा पाहून लोक कायदा हातात घेतात’ हे सरळ गणित इतिहासात बसत नाही. सान फ्रान्सिस्कोमध्ये १८५१ साली आणि पुन्हा १८५६ साली नागरिकांनी ‘दक्षता समिती’ काढली. दोन्ही वेळा तिनं चार-चार माणसं फासावर लटकवली. तेव्हा कुठला आलाय सिनेमा! आणि या समित्या कुणा एकट्याच्या नव्हत्या. पुढाकार व्यापाऱ्यांचा, घटना लिहिलेली, सभासदांची नोंद. १८५६मध्ये सभासद हजारोंनी आणि मुख्यालयापुढे वाळूच्या पोत्यांची तटबंदी. त्यातूनच निघालेल्या पक्षानं पुढे शहराचा कारभार दहाएक वर्षं ताब्यात ठेवला. कायदा हातात घेणारे इतिहासात बहुतेक वेळा असेच येतात: गटानं, ठराव करून, प्रतिष्ठितांच्या आशीर्वादानं. कोपऱ्यातल्या खोलीत एकटा दारू पीत बसलेला तो वाली या चित्रात कुठेच नाही.

त्याच शहरातलं एक प्रकरण या साच्याच्या खऱ्या दुखण्यावर बोट ठेवतं. फेब्रुवारी १८५१मध्ये यान्सन नावाच्या दुकानदाराला मारहाण करून लुटण्यात आलं. संशयित म्हणून बर्ड्यू नावाच्या माणसाला पकडून जखमी दुकानदारापुढे उभं केलं, आणि त्यानं ओळखलं: हाच तो. बाहेर जमाव दोर घेऊन तयार. कसाबसा तो दिवस टळला. पुढे जवळच्या मेरीसव्हिल गावी याच बर्ड्यूवर खुनाचा खटला चालला आणि फाशीची शिक्षा झाली. लोक त्याला जेम्स स्टुअर्ट नावाचा गुन्हेगार समजत होते. दोघं दिसायला तितके सारखे. जुलैमध्ये खरा स्टुअर्ट सापडला, त्यानं कबुली दिली आणि बर्ड्यू सुटला. गंमत म्हणजे खऱ्या गुन्हेगाराला पकडलं दक्षता समितीनंच, आणि तिनंच त्याला फाशीही दिलं. म्हणजे कोर्ट चुकलं आणि समिती बरोबर निघाली? त्या एका बाबतीत हो. पण बर्ड्यू ते ऐकायला जिवंत होता, कारण फेब्रुवारीतल्या दोरापेक्षा कोर्टाची चाल संथ होती.

हे थरारपटात कधी घडू शकेल का? पडद्यावर गुन्हा आपण स्वतः पाहिलेला असतो. ‘डर्टी हॅरी’ सुरूच होतो गच्चीवरच्या तलावात पोहणाऱ्या बाईला दुर्बिणीच्या रायफलीनं टिपणाऱ्या खुन्यापासून. प्रेक्षक तिथेच प्रत्यक्षदर्शी साक्षीदार झाला. आता त्याला पुरावा कशाला हवा? पुढच्या प्रत्येक दृश्यात वकील बोलू लागला की प्रेक्षकाला वाटतं, हा मी डोळ्यांनी पाहिलेलं नाकारतोय. या साच्यातली सगळ्यात मोठी थाप ही: पहिल्या पाच मिनिटांत फुकट वाटलेली खात्री. गोळीबाराला हरकत घेणारे टीकाकार या थापेपुढून निवांत चालत जातात. उपायही तांत्रिकच आहे. पहिला गुन्हा प्रेक्षकाला दाखवू नका, वस्तीच्या तोंडून ऐकवा. दोन साक्षी द्या आणि त्या एकमेकींशी न जुळणाऱ्या ठेवा. नायक चुकीच्या माणसाला एकदा तरी मारू दे, आणि त्या माणसाची बायको उरलेला सिनेमाभर त्याच गल्लीत राहू दे.

किमतीचा हिशेब कसा मांडायचा, ते जपानी दिग्दर्शक कुरोसावानं १९५४मध्येच दाखवून ठेवलं आहे. दरोडेखोरांना कंटाळलेलं गाव सात सामुराय, म्हणजे जुने जपानी योद्धे, राखणीला आणतं, त्याची ही गोष्ट. ‘सेव्हन सामुराय’ तीन तास सत्तावीस मिनिटांचा, आणि त्यातला बराचसा वेळ तयारीतच जातो. मोबदला म्हणजे पोटभर भात. तो सामुरायांच्या पानात पडावा म्हणून गावकरी स्वतः हलकं धान्य खातात. चाळीस दरोडेखोर, त्यांच्याकडे तीन बंदुका. कागदावर गोल काढलेले. माणूस मेला की एका गोलावर काट. एका बाजूला कुंपण, एका बाजूला शेतात पाणी सोडलेलं, पूल तोडलेला, आणि एक वाट मुद्दाम मोकळी, म्हणजे घोडेस्वार एकेक-दोनदोन आत घेऊन मागची फळी बंद करता यावी. हे सगळं आखताना एक अडचण निघते. ओढ्यापलीकडची तीन घरं या संरक्षणात बसत नाहीत; ती सोडून द्यावी लागणार. त्या घरांतली माणसं भाले टाकून चालू पडतात: आमचीच घरं जाणार तर आम्ही कुणासाठी लढायचं? म्होरक्या कांबेई तलवार उपसून त्यांच्या मागे धावतो आणि त्यांना रांगेत परत आणतो. वीस घरांसाठी तीन घरं. वाली म्हणून बोलावलेला माणूस वस्तीतल्याच माणसांवर तलवार उगारतो, आणि सिनेमा त्याला यासाठी माफ करत नाही की शिक्षाही देत नाही. संरक्षण म्हणजे कुणाचं तरी घर कुंपणाबाहेर राहणं, हे इतक्या उघडपणे सांगणारं दृश्य आजच्या एखाद्या थरारपटात दाखवा पाहू. आणि गाव तरी कुठे धुतल्या तांदळासारखं आहे? पळपुट्या सामुरायांना मारून काढलेली चिलखतं त्यांच्याच घरांत दडवलेली सापडतात.

वस्तीला या लढाईत ओढावं की नाही, यावर चित्रपटांनी आपसांत घातलेला वाद आपल्या चर्चेपेक्षा कितीतरी चांगला आहे. १९५२च्या ‘हाय नून’मध्ये मार्शल, म्हणजे गावचा कायदा राखणारा अधिकारी, सूडासाठी येणाऱ्या गुंडांविरुद्ध चर्चमध्ये जाऊन मदत मागतो. तिथे जी सभा होते ती कुठल्याही सोसायटीच्या सभेसारखी: हा प्रश्न आपला की सरकारचा, रस्त्यात गोळीबार झाला तर बाहेरून पैसा घालणारे बिचकतील, मार्शल माणूस सोन्यासारखा पण त्यानं निघून गेलेलं बरं. मदतीला हो म्हणालेला एकजण, आपण एकटेच आलो आहोत हे कळल्यावर घरी जातो. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सला हे मुळीच पटलं नाही. जातिवंत शेरीफ (तोही मार्शलसारखाच कायद्याचा रखवालदार) हौशी लोकांपुढे हात पसरत फिरत नाही, असं त्याचं मत. त्यानं १९५९मध्ये ‘रिओ ब्राव्हो’ काढला. तिथला शेरीफ मदत नाकारतो, कारण नवशिके म्हणजे शत्रूला आयती सावजं. तरीही शेवटी एक लंगडा म्हातारा, एक दारुडा आणि एक पोरगा यांच्याच जोरावर तो तगतो. वस्तीकडून काय अपेक्षा ठेवायची याबद्दल दोघांची मतं विरुद्ध, पण वस्तीला वगळून चालणार नाही हे दोघांनाही मान्य.

त्या दारुड्यावरून सदोष नायकाकडे येऊ. ‘रिओ ब्राव्हो’तल्या ड्यूडचे हात इतके थरथरतात की त्याला सिगारेट वळता येत नाही, शेरीफ वळून देतो. त्याचा दोष कुणी बोलून दाखवत नाही, बोटांत दिसतो. पुढे एका क्षणी तो पेल्यातली व्हिस्की परत बाटलीत ओततो आणि एक थेंब सांडत नाही. एवढ्यात एक पूर्ण माणूस सांगून होतो. उलट हल्ली दोष म्हणजे वेशभूषेचा भाग झाला आहे. मेलेली बायको, रात्रीची जाग, कपाटातली बाटली. पण नेम चुकत नाही, संशय चुकत नाही, उशीर होत नाही. ज्या दोषाचा फटका वस्तीला बसत नाही तो दोष कसला? बाटलीमुळे तो दहा मिनिटं उशिरा पोचायला हवा आणि त्या दहा मिनिटांत कुणाचं तरी काहीतरी कायमचं जायला हवं. अमेरिकी लेखक हॅमेटच्या १९२९च्या ‘रेड हार्वेस्ट’ कादंबरीतला गुप्तहेर टोळ्यांना एकमेकांवर घालून शहर साफ करू पाहतो आणि मध्येच त्याच्या लक्षात येतं की हे मारणं आपल्याला आवडू लागलंय. दोष असा असावा.

या सगळ्यावर सेन्सॉरचा उपाय काय? ‘शोले’चा मूळ शेवट आठवा. ठाकूर खिळे मारलेल्या जोड्यांनी गब्बरला ठार करतो असं चित्रण झालं होतं. १९७५ साल, आणीबाणी. माजी पोलीस अधिकारी कायदा हातात घेताना दिसता कामा नये, म्हणून शेवट बदलला आणि ऐन क्षणी पोलीस येऊन उभे राहिले. त्या दोन मिनिटांनी नीती बदलली का? मुळीच नाही, कारण या चित्रपटाची नीती ठरते ती खूप आधी, म्हाताऱ्या इमामच्या मुलाचं प्रेत घोड्यावरून गावात येतं तेव्हा. गावकरी चक्क म्हणतात, हे ओझं आम्हाला झेपत नाही, त्या दोघांना देऊन टाका. आणि ज्याचा मुलगा गेला तोच आंधळा म्हातारा विचारतो, गावासाठी द्यायला मला आणखी मुलं का नव्हती. रामगढ ही वस्ती आहे, नुसता सेट नाही, हे तिथे सिद्ध होतं. कात्री शेवटावर चालवणाऱ्यांना हे दृश्य दिसलंही नसेल.

राहिला तिसऱ्या फेरीतला प्रश्न: पोलीस येतच नसतील तर? खऱ्या वस्त्यांनी याचं उत्तर दिलेलं आहे आणि ते पडद्यावर येत नाही, कारण ते रटाळ आहे. पेरूच्या काहामार्का भागात, चोता प्रांतातल्या कुयुमाल्का या खेड्यात डिसेंबर १९७६मध्ये गुरंचोरांना कंटाळलेल्या शेतकऱ्यांनी रात्रीची गस्त सुरू केली. नाव पडलं ‘रोंदा’. यादी करायची, घरटी माणूस, पाळीपाळीनं. पद्धत गावोगाव पसरली आणि १९९३च्या राज्यघटनेत तिला जागा मिळाली. चाबकाच्या शिक्षांवरून तिच्यावर टीकाही झाली, आणि ती रास्त होती. मेक्सिकोच्या मिचोआकानमध्ये २०१३ साली लिंबू पिकवणाऱ्यांनी खंडणीखोर टोळीविरुद्ध शस्त्रं उचलली. पुढच्या वर्षी सरकारनं त्यांना गणवेश दिला, तोवर टोळीतलेच काहीजण गटांत शिरल्याच्या तक्रारी येऊ लागल्या होत्या. यादी कुणाच्या हातात, हा प्रश्न तिथे बंदुकीपेक्षा मोठा ठरला. एकट्या वालीची गोष्ट लोकांना मारायला शिकवते की नाही हे मी सांगू शकत नाही. ती वाट बघायला शिकवते, हे मात्र तिच्या रचनेतच आहे. दार वाजेल, कुणीतरी येईल. कुयुमाल्कात कुणी आलं नाही, म्हणून यादी झाली.

आणि आलाच कुणी, तर काय उरतं? कुरोसावाच्याच १९६१च्या ‘योजिंबो’त नावगाव नसलेला सामुराय एका गावातल्या दोन टोळ्या एकमेकांवर घालून संपवतो आणि आता इथे शांतता होईल असं सांगून निघून जातो. शांतता होते खरी. मागे बघाल तर खानावळवाला, शवपेट्या करणारा सुतार आणि आणखी मोजकी डोकी. सुरुवातीला याच सुताराचा हात रिकामा राहत नव्हता. नंतर मारामारी इतकी वाढली, की पेटीची तसदी घ्यायलाही कुणी उरलं नाही.